गोव्यातलं नौदल विमान संग्रहालय नीट कसं बघावं: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

दाबोळीहून बोगमाळोकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. बहुतेक लोक ते बीचवर जाता-जाता अर्ध्या तासात उरकतात. सगळ्यांत मोठ्या विमानापुढे दोन फोटो, मुलांचा एक हेलिकॉप्टरजवळ, आणि चला. घरी आल्यावर गॅलरीत चाळीस फोटो असतात आणि त्यातलं सी हॉक कुठलं नि सी हॅरियर कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही.

कमी पडतो तो क्रम. इथली बहुतेक विमानं दोनच प्रश्नांची उत्तरं आहेत: विमानवाहू जहाजाच्या आखूड डेकवरून उडायचं आणि उतरायचं कसं, आणि जहाजावरच्या दाटीवाटीत मावायचं कसं. हे दोन प्रश्न डोक्यात ठेवून फिरलात की पत्र्यातली प्रत्येक घडी, प्रत्येक फुगवटा बोलायला लागतो. खालचे टप्पे त्या हिशेबाने लावले आहेत. एकूण वेळ साडेतीन तास धरा.

१. वार, वेळ, हंगाम

सोमवारी बंद असतं. ही सगळ्यांत जास्त होणारी चूक, कारण वीकेंडला जोडून आलेल्या लोकांना सोमवारीच मोकळा वेळ मिळतो. बाकीच्या दिवशी उघडल्या उघडल्या, म्हणजे साडेनऊच्या सुमारास, दारात असा. तिकीट आणि वेळा अधूनमधून बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी एकदा खात्री करून घ्या.

विमानं उघड्यावर आहेत. साडेअकरानंतर ऊन डोक्यावर येतं, पंखांखाली काळीकुट्ट सावली पडते आणि जे बघायचं ते नेमकं त्या सावलीत असतं: चाकांचे कप्पे, हूक, पोटाखालची झाकणं. म्हणून बाहेरचं आधी, आतली दालनं नंतर. उलट केलंत तर दोन्ही वाया.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर गोव्याच्या पावसाचा भरवसा नाही. जायचंच असेल तर छत्रीऐवजी रेनकोट घ्या. छत्री धरून पंखाखाली वाकता येत नाही, आणि तिची काडी कशाला लागेल सांगता येत नाही.

२. पोचण्याचा रस्ता

सावध: गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. संग्रहालय दाबोळीजवळ आहे, मोपाजवळ नाही. मोपा उत्तर टोकाला, पेडण्यात. तिथून इथपर्यंत साधारण साठ किलोमीटर. "विमानतळाशेजारीच आहे, उतरलो की बघून घेऊ" असं ठरवणाऱ्यांनी तिकिटावर कुठला विमानतळ आहे ते आधी वाचावं.

रेल्वेने येणाऱ्यांना वास्को स्टेशन जवळचं, पण मुंबईकडून कोकण रेल्वेने आलात तर मडगावला उतरून पुढे टॅक्सी किंवा बस. वास्कोहून बोगमाळोकडे बस आहेत, मात्र त्या दर दहा मिनिटांनी नसतात. परतीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

नकाशात संग्रहालयाचंच नाव टाका. "आयएनएस हंसा" टाकलंत तर नौदलाच्या तळाच्या फाटकावर पोचाल आणि पहारेकरी मान हलवून परत पाठवेल.

३. पिशवीत काय हवं

- छोटी टॉर्च. फोनची चालते, पण फोन त्याच वेळी फोटोला लागतो.
- हातरुमालाएवढं काळं कापड. कॉकपिटच्या काचेवरची चकाकी अडवायला.
- छोटी वही आणि पेन्सिल.
- प्रत्येकी एक लिटर पाणी, टोपी, बंद बूट.
- सुटे पैसे. तिकीट मोठं नसतं, पाचशेची नोट पुढे केली की तिथेच दहा मिनिटं जातात. कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं असू शकतं, ते खिडकीवरच विचारा.

ड्रोन अजिबात नको. लष्करी धावपट्टीला लागून असलेला हा भाग आहे, ड्रोनसाठी रेड झोन, म्हणजे उडवायला बंदी. ट्रायपॉडही गाडीतच ठेवा. उजेडात त्याची गरज नाही आणि परवानगीवरून वाद मात्र होतो.

४. आदल्या रात्री: चार विमानं निवडा

आवारात डझनभर विमानं नि हेलिकॉप्टरं आहेत. सगळ्यांना सारखा वेळ द्यायला गेलात तर पाचव्यापाशी डोळे थकतात आणि पुढचं नुसतं चालणं होतं. चार निवडा, त्यांना प्रत्येकी वीस मिनिटं द्या, बाकीच्यांना तीन-तीन.

पहिल्या भेटीसाठी आमची निवड अशी: सी हॉक, अलिझे, सी हॅरियर आणि सुपर कॉन्स्टेलेशन. पहिली तीन डेकवरची, चौथं मुद्दाम डेकवरचं नसलेलं. तुलनेला एक परकं विमान हाताशी असलं की बाकीच्यांची वैशिष्ट्यं ठळक दिसतात. मुलं बरोबर असतील तर सुपर कॉन्स्टेलेशन शेवटी ठेवा. ते आधी बघितलं की बाकी सगळं त्यांना खेळण्यातलं वाटायला लागतं.

तपासा: चारही विमानांचा एकेक बाजूचा फोटो रात्री नेटवर बघून ठेवलात का? सकाळी लांबूनच ओळखता आलं पाहिजे.

५. पहिली वीस मिनिटं: फोन खिशात

आत शिरल्यावर एक पूर्ण फेरी मारा. फोटो नाही, पाट्या वाचणं नाही. फक्त तीन गोष्टी पाहा: कुठलं विमान कुठे आहे, सूर्य कुठल्या बाजूला आहे, आणि कुठल्या विमानाची कुठली बाजू आत्ता उजेडात आहे. वहीत क्रम लिहा. ज्याच्या चाकांवर आत्ता ऊन पडलंय ते पहिलं.

सावध: शेजारची धावपट्टी जिवंत आहे. नौदलाचं लढाऊ जेट मिग-२९के उडालं तर आवाज छातीत घुमतो. तान्ही मुलं आणि हृदयविकाराचे रुग्ण बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा. आणि आवाज आला म्हणून धावपट्टीच्या दिशेने कॅमेरा रोखू नका. चित्रीकरणाला बंदी आहे, आणि ती मनावर घेणारे लोक तिथे आहेत.

६. विमान वाचायचं कसं

प्रत्येक विमानाभोवती दोन फेऱ्या. पहिली लांबून, पंधरा-वीस मीटरवरून, आकारासाठी. दुसरी जवळून, नाकापासून सुरू करून घड्याळाच्या दिशेने. कठड्याच्या आत जायचं नाही, कुठेही हात लावायचा नाही. उन्हात तापलेला पत्रा चटका देतो हे एक, आणि हलणारे भाग म्हणजे एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या), रडर (शेपटीवरचं सुकाणू), झाकणं ही एका धक्क्याने निखळतात हे दुसरं. त्यांची जुनी बिजागरं आता बाजारात मिळत नाहीत.

*सी हॉक*

सुरुवात शेपटीपासून करा. पहिली गंमत तिथे काही नसण्यात आहे. जेट विमान, पण मागे धुराड्याचं भोक नाही. ते पंखांच्या मुळाशी, धडाच्या दोन्ही बाजूंना आहे. एंजिन एकच, रोल्स-रॉइसचं नीन, पण त्याचा झोत दोन नळ्यांत फोडून बाजूंनी बाहेर काढलाय. त्यामुळे धडाचा मागचा भाग मोकळा राहिला आणि तिथे इंधनाची टाकी बसली. हवा आत घेणारी तोंडंही पंखांच्या मुळाशीच. पुढून आणि मागून, दोन्हीकडून उभं राहून बघा म्हणजे हवेचा रस्ता डोळ्यांपुढे येतो.

मग शेपटीखाली वाका. तिथे हूक आहे. डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एक या हुकाने पकडायची आणि विमान थांबवायचं. हुकाचं टोक किती लहान आहे ते बघा, आणि मग विमानाच्या आकाराकडे एकदा पुन्हा बघा.

आता पंख. उघडल्यावर टोकापासून टोकापर्यंत सुमारे ११.९ मीटर. पंखाच्या मध्यावर एक आडवी रेघ जाते, तिथे बिजागर आहे. पंख तिथून वर दुमडतात. घडी घातलेली असेल तर बिजागराचा कापलेला भाग मिनिटभर टॉर्चने बघा: नळ्या, खिट्ट्या, कुलुपं. नाकाखाली चार तोफांची तोंडं, प्रत्येकी २० मिलिमीटरची.

*अलिझे*

हे पाणबुड्या शोधणारं विमान. तीन माणसं आत, पुढे पंखा, पण पंखा फिरवणारं एंजिन टर्बोप्रॉप, म्हणजे जेटच्याच जातीचं आहे, रोल्स-रॉइस डार्ट. लोक इथे हटकून एक चूक करतात: पंखाखालचे दोन लांबट फुगवटे म्हणजे इंधनाच्या टाक्या असं धरतात. ती चाकांची घरं आहेत. चाकं त्यात दुमडून जातात आणि पुढच्या भागात सोनोबॉय, म्हणजे पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज ऐकायची उपकरणं, ठेवली जात. जागेचा एवढा काटकसरी वापर मुंबईच्या वन रूम किचनमध्येच बघायला मिळतो.

पोटाखाली रडारचा घुमट शोधा. उडताना खाली सोडायचा, उतरताना आत ओढायचा. ओढायला विसरलं तर काय होईल हे चाकांची उंची बघून लक्षात येतं.

तपासा: सी हॉक आणि अलिझे, दोन्हींचा हूक आणि पंखाची घडी बघून झाली? १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू नौकेच्या डेकवर हीच दोन प्रकारची विमानं शेजारी-शेजारी उभी होती. घड्या नसत्या तर तेवढी मावलीच नसती.

*सी हॅरियर*

इथे आधी जे नाही ते शोधा. हूक नाही. पंखाला घडी नाही. पंख मुळातच आखूड, टोकापासून टोकापर्यंत ७.७ मीटर, आणि थांबायला तार लागत नाही कारण ते हवेत थांबून मग खाली येतं.

कसं, ते धडाच्या बाजूला दिसतं. दोन्ही बाजूंना मिळून चार नोझल, पाण्याच्या नळाच्या तोटीसारखी फिरणारी. मागे वळली की विमान पुढे जातं, खाली वळली की वर. पुढची दोन थंड हवेची, मागची दोन तापलेल्या झोताची. म्हणून मागच्या नोझलमागे धडावर वेगळ्या धातूची ढाल ठोकलेली असते. तिच्या कडा नि स्क्रू शोधा.

एंजिनाच्या तोंडाशी, कव्हर घातलेलं नसेल तर, गोलाकार लहान दारांची रांग दिसेल. वरची दारं आत पडलेली आणि खालची बंद. बघणारे म्हणतात, "मोडलंय वाटतं." मोडलेलं नाही. कमी वेगात जास्त हवा ओढण्यासाठी ती दारं आत उघडतात, आणि एंजिन बंद असलं की वरची नुसत्या वजनाने लोंबतात.

आणखी एक गोष्ट, जी पाटीवर सहसा नसते. हवेत जागेवर थांबल्यावर पंखांवरून वारा वाहत नाही, मग रडर आणि एलेरॉनचा उपयोग शून्य. तेव्हा विमान सावरायचं कशाने? नाकाखाली, शेपटीच्या टोकाला आणि पंखांच्या टोकांना बारीक फटी आहेत, एंजिनातली दाबाची हवा त्यातून सोडतात. त्या फटी शोधायला पाच मिनिटं द्या. मुलांना ही शोधाशोध फार आवडते.

शेवटी चाकं. एक नाकाखाली, एक जोडी पोटाखाली, आणि पंखांच्या टोकांकडे दोन बारकी. सायकलला लहान मुलांसाठी मागे लावतात तशी.

*सुपर कॉन्स्टेलेशन*

आता मागे जा, निदान तीस मीटर. पंख ३७.५ मीटरचे. या विमानाचा डेकशी काही संबंध नाही. विक्रांतवरून उडायचं का, असं कुणी विचारलं तर पंखांकडे बोट दाखवा. हे एअर इंडियाचं प्रवासी विमान, तिथलं नाव 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरुळच्या नावाचं. पुढे नौदलाने ते समुद्रावरच्या लांब टेहळणीला वापरलं.

धड सरळ नळकांड्यासारखं नाही, माशासारखं हलकी बाक असलेलं आहे. बाजूने बघितल्याशिवाय कळत नाही. पुढच्या चाकाचा पाय उंच, कारण पंख्यांची पाती लांब. शेपटीला तीन उभे कल्ले, कारण एकच मोठा उभारला असता तर त्या काळच्या हँगरच्या दारातून शिरला नसता. चार एंजिनं, प्रत्येकाला १८ सिलिंडर दोन ओळींत, आणि धुराच्या झोतावर फिरणारी तीन टर्बाइनं जी ती ताकद पुन्हा दांड्याला देतात. ही तीन टर्बाइनं वैमानिकांना आवडायची आणि मेकॅनिकांना नाही.

सावध: शिडी लावलेली दिसली म्हणून आत चढू नका. आधी विचारा. आत जाऊ देत नसतील तर हुज्जत घालून उपयोग नाही, जमिनीचा पत्रा किती जुना आहे याचा विचार करा.

*बाकीच्यांना तीन-तीन मिनिटं*

सीलँड: १९५३ मध्ये नौदलात आलेल्या पहिल्यावहिल्या विमानांचा प्रकार. पोट होडीचं आहे. तळाला मध्येच एक पायरी दिसेल. पाणी सोडताना तळ चिकटून राहू नये म्हणून ती असते.

व्हँपायर: शेपटीला दोन दांडे, मधलं धड बरंचसं लाकडी. ठोकून बघायचा मोह आवरा.

फायरफ्लाय: लढाऊ दिसतं, पण आपल्या नौदलात त्याचं काम नेमबाजीच्या सरावासाठी मागे निशाण ओढत नेणं. म्हणून पोटाखाली बघा, बंदुका शोधू नका.

एचटी-२: सगळ्यांत दुर्लक्षित. विष्णू माधव घाटगे यांच्या आराखड्यावरून बनलेलं, १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं शिकाऊ वैमानिकांचं विमान. मराठी माणसाने तीनची पाच मिनिटं केली तर कुणी नाव ठेवणार नाही.

कामोव्ह-२५: शेपटीचा पंखा नाही म्हणून तुटलाय असं समजू नका. एकाच दांड्यावर दोन रोटर एकमेकांविरुद्ध फिरतात, त्यामुळे शेपटीच्या पंख्याची गरजच राहत नाही आणि हेलिकॉप्टर विनाशिकेच्या छोट्या हँगरमध्ये बसतं. लगेच सी किंगकडे जा आणि तिथे हाच जागेचा प्रश्न कसा सोडवलाय ते बघा: पाती मागे दुमडतात आणि शेपूटही दुमडते.

७. फोटो: आधी पाटी, मग विमान

प्रत्येक विमानाचा पहिला फोटो माहितीच्या पाटीचा. मगच विमानाचा. एवढी एक सवय लावलीत तर घरी ओळखपरेड करावी लागणार नाही. दुसरा फोटो धडावरच्या क्रमांकाचा.

बाजूचा फोटो घेताना जवळून वाइड लेन्स लावू नका. नाक फुगतं, शेपटी आकसते. पंधरा-वीस मीटर मागे जाऊन साधी लेन्स वापरा, फोन छातीच्या उंचीवर धरा. सुपर कॉन्स्टेलेशनसाठी जागा पुरली नाही तर तिरका फोटो घ्या. तुकडे जोडून केलेल्या फोटोत पंख वाकडे येतात.

कॉकपिटसाठी काळं कापड काचेसमोर धरून सावली करा, काचेला टेकवू नका. चाकांच्या कप्प्यांत फ्लॅश मारण्यापेक्षा बाजूने टॉर्च धरा. फ्लॅशने सगळं सपाट दिसतं.

मॉडेल बनवणाऱ्यांना खास इशारा: इथला रंग पुरावा म्हणून धरू नका. खाऱ्या वाऱ्यात आणि पावसात उभी असलेली विमानं वेळोवेळी रंगवली जातात. अक्षरांची जाडी, खुणांची जागा, छटा, सगळं मूळचं असेलच असं नाही. रिव्हेट, झाकणांच्या रेषा, बिजागरं यांचे फोटो मात्र भरपूर घ्या. रंगासाठी सेवेतल्या काळातले जुने फोटो शोधा.

तपासा: प्रत्येक निवडलेल्या विमानाचे दोन्ही बाजू, पुढून तिरका, मागून तिरका, चाकं, पोट, एंजिनाचं तोंड, धुराडं असे किमान आठ फोटो झाले? बॅटरी पन्नास टक्क्यांच्या वर आहे?

८. आतली दालनं

आता साडेअकरा-बारा वाजले असतील. पाणी प्या, मग इमारतीत जा. सरळ विमानवाहू नौकांच्या मॉडेलपाशी. विराटच्या मॉडेलवर पुढचा चढ बघा, स्की-जंप, १२ अंशांचा. सी हॅरियर त्यावरून उडी मारायचं. मग डेकवर तुमच्या चार विमानांपैकी कुठलं कुठे मावेल ते मनात मांडून बघा.

पुढे एंजिनं, बॉम्ब, टॉर्पेडो, पॅराशूट वगैरे. एंजिनांपाशी थांबा, इतर ठिकाणी हवं तर भरभर चला. बाहेर बघितलेल्या झोताच्या वाटा इथे उघड्यावर दिसतात. गणवेशांची दालनं ज्यांना आवडतात त्यांनी बघावीत.

९. परत बाहेर, दहा मिनिटं

ही पायरी लोक गाळतात, आणि खरं तर हीच सगळ्यांत जास्त देते. आतलं बघून झाल्यावर सी हॉक आणि सी हॅरियरपाशी पुन्हा जा. फोटो नको. हूक, बिजागर, नोझल एवढंच. सकाळी ज्याची फक्त पाटी वाचली होती ते आता डेकवर उभं असल्यासारखं दिसतं.

बीच इथून जवळ आहे, तेव्हा जेवण बोगमाळोला. पण मेमरी कार्ड काढून वेगळं ठेवा. वाळू आणि कार्डाचा खाचा यांचं जमत नाही.

१०. त्याच रात्री

फोटो विमानवार वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाका. पाटीचा फोटो आला की नवा फोल्डर, सोपं आहे. हललेले फोटो तिथेच उडवा. वहीत राहिलेले प्रश्न लिहा, उदाहरणार्थ "अलिझेचा घुमट किती खाली येतो?" आठवडा गेला की प्रश्नही आठवत नाहीत. गोव्यात आणखी एक दिवस असेल आणि उद्या सोमवार नसेल, तर सकाळी साडेनऊला परत जाऊन उरलेल्या विमानांतून पुढची चार घ्या.